रक्तस्राव आणि मेंदूचे दूत

दिल्लीहून मेरठकडे जाणारा द्रुतगती महामार्ग गाझियाबादवरून जातो. २०१८ ते २०२१ या काळात तो टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला. समजा, अशा रस्त्यावर अपघात झाला आहे आणि मांडीला खोल जखम झालेला एक वाहनचालक कडेला बसला आहे. तो शुद्धीवर आहे, नाव सांगतो, पाणी मागतो. जमलेले लोक म्हणतात, "घाबरण्यासारखे काही नाही." हा दिलासा त्याच्या प्राणांवर बेतू शकतो. का, ते समजून घेण्यासाठी मेंदूच्या कारभारात डोकावले पाहिजे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील पाऊण लिटर वाहून गेले तरी रक्तदाब बहुधा ढळत नाही. दीड लिटर जाईपर्यंतही तो पुष्कळदा सावरलेला दिसतो. सावरण्याचे हे काम मेंदू करीत असतो.

मानेतील मोठ्या रोहिण्यांच्या आणि महारोहिणीच्या भिंतींत दाब जोखणारी मज्जातंतूंची टोके असतात. भिंत ताणलेली असली, की ती मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे सतत संदेश धाडतात. हृदयाच्या अलिंदांतही रक्ताचा भरणा ओळखणारी अशी टोके आहेत. त्यांच्या संदेशांचा मूलगामी अभ्यास डॉ. औतार सिंग पेंटल यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेचे ते संचालक झाले. रक्त घटले, की ताण सैल पडतो आणि संदेश विरळ होतात. ही शांतता हीच मेंदूला धोक्याची सूचना होय.

मेंदूतील पेशी एकमेकींशी रसायनांच्या द्वारे बोलतात. ग्लुटामेट हा चेतविणारा दूत, तर गाबा हा आवर घालणारा. एरवी गाबाचा लगाम अनुकंपी मज्जासंस्थेला मर्यादेत ठेवतो; संदेश विरळ होताच तो लगाम सुटतो. मग मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनालीन स्रवते. हा दूत स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी १९४६ साली ओळखला. त्यांना १९७० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याच्या हुकुमाने त्वचेच्या व आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदय वेगाने धावू लागते आणि उरलेले रक्त मेंदू व हृदय यांच्यासाठी राखले जाते. त्याच वेळी व्हॅसोप्रेसिन नावाचा दुसरा दूत पोष ग्रंथीतून रक्तात उतरतो. तो वाहिन्या आवळतो आणि मूत्रपिंडांना पाणी जपावयास लावतो.

परंतु ही सारी उसनवारी आहे. रक्तस्राव चालूच राहिला, तर एका क्षणी अनुकंपी यंत्रणा हात आखडते, वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब एकाएकी कोसळतो. अशा घसरणीतून पुन्हा उभे राहण्यास सेरोटोनिन हा दूत साहाय्य करतो, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. मेंदूतील सेरोटोनिनचा पुरवठा खुंटविलेल्या उंदरांत रक्तदाब पूर्ववत होण्यास बाधा आली. या ज्ञानातून उद्या औषधे निघतीलही. पण वाहून गेलेल्या रक्ताची जागा कोणताही दूत भरून काढू शकत नाही.

म्हणून रक्तदाबाचा आकडा चांगला असला तरी त्यावर विसंबू नये. वेगवान नाडी, थंड व घामेजलेली त्वचा, फिकटपणा, अस्वस्थता आणि तहान या मेंदूच्या धडपडीच्या खुणा आहेत. जखमी माणूस पाणी मागतो तेही त्यामुळेच असू शकते. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी, दाब सोडू नये आणि त्याला विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे. पोलिसी चौकशीच्या भयाने मागे हटण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सद्हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. मेंदूचे दूत जखमी माणसाला थोडा अवधी मिळवून देतात. तो अवधी सार्थकी लावणे मात्र रस्त्यावरच्या माणसाच्या हाती असते.