डेप्टफर्डची बालशाळा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. पण वर्गात येणारे मूल उपाशी आहे की आजारी, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर; तिथली ‘हाफ-टायमर’ मुले अर्धा दिवस गिरणीत राबत आणि उरलेला अर्धा दिवस शाळेत पेंगत. मार्गारेट मॅकमिलन १८९३ मध्ये तिथे राहायला आल्या आणि पुढच्याच वर्षी इंडिपेंडंट लेबर पार्टीतर्फे स्कूल बोर्डावर, म्हणजे स्थानिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर, निवडून आल्या.

शाळेचे डॉक्टर जेम्स केर यांच्याबरोबर त्यांनी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू केली. त्या काळात हे नवीनच होते. मळलेले अंग, किडलेले दात, मुडदुसाने वाकलेले पाय असे चित्र समोर आले. अशा मुलांना धडे घोकायला लावणे म्हणजे सार्वजनिक पैसा वाया घालवणे, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. त्यांच्या आग्रहामुळे शाळेत न्हाणीघर आले. शाळेत जेवण देण्याची मुभा देणारा कायदा १९०६ मध्ये झाला, तर तपासणीचा १९०७ मध्ये. या दोन्हींमागे त्यांच्यासारख्यांची अनेक वर्षांची भाषणे, लेख आणि खटपट होती.

१९०२ च्या कायद्याने स्कूल बोर्डे बरखास्त झाली, आणि त्यांच्या जागी आलेल्या संस्थांवर स्त्रियांना निवडून येता येत नव्हते. मार्गारेट लंडनकडे वळल्या. थोरली बहीण रेचेल यांच्यासह त्यांनी १९१० मध्ये डेप्टफर्ड या थेम्सकाठच्या गरीब वस्तीत मुलांचा दवाखाना चालवायला घेतला. तिथे एक गोष्ट पुनःपुन्हा दिसे: औषधाने बरे झालेले मूल त्याच कोंदट खोलीत परत जाई आणि काही आठवड्यांनी तोच आजार घेऊन येई. म्हणून १९११ मध्ये मुलींसाठी उघड्यावर झोपण्याची रात्रछावणी निघाली. पण शाळेच्या वयापर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे, हे दोघी बहिणींना पटले होते. १९१४ मध्ये पाच वर्षांखालील मुलांची खुल्या हवेतली बालशाळा सुरू झाली.

या शाळेत बाग हाच मुख्य वर्ग होता. निवाऱ्यांची एक बाजू मोकळी असे. वाफ्यांत फुले आणि भाज्या, मुलांना चढायला झाडे, खेळायला वाळू आणि पाणी. सकाळी आलेल्या मुलाला आधी आंघोळ, मग न्याहारी. दुपारी जेवण, त्यानंतर झोप, आणि संध्याकाळी खाऊनच मूल घरी जाई. दिवस असा लांबवलेला होता, कारण आया कामावर असत. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी सरकारी अनुदानही मिळाले. आंघोळ आणि जेवण हे मार्गारेट यांच्या लेखी शिक्षणच होते. त्यांच्या साऱ्या विचाराचे मर्म इथे आहे.

रेचेल १९१७ मध्ये वारल्या. शाळेला त्यांचेच नाव आहे. १९१८ च्या शिक्षणकायद्याने स्थानिक प्रशासनांना बालशाळा चालवण्याची परवानगी दिली, पण सक्ती केली नाही. पुढे काटकसरीच्या लाटेत बहुतेक ठिकाणी त्या निघाल्याच नाहीत. १९२३ मध्ये नर्सरी स्कूल असोसिएशन स्थापन झाली आणि मार्गारेट तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. बालशाळेच्या शिक्षिकेला पुरते प्रशिक्षण हवे, या मागणीतून १९३० मध्ये डेप्टफर्डला रेचेल मॅकमिलन कॉलेज उभे राहिले.

‘देता येईल’ आणि ‘द्यावेच लागेल’ यांतले अंतर कापायला मात्र फार वर्षे गेली. शाळेतले जेवण हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरले ते १९४४ च्या कायद्याने. मार्गारेट १९३१ मध्येच वारल्या होत्या.