इंग्रजीचा पहिला तास

जूनमध्ये शाळा उघडली की नववीच्या पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. घरात, शेतात, एसटीत रोज कानावर पडणारे इंग्रजी शब्द लिहून आणा, एवढंच सांगतो. एका वर्षी सर्वांत मोठी यादी मागच्या बाकावरच्या मुलानं आणली. आठवीत मीच त्याला ‘कच्चा’ ठरवलं होतं. वडील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. बेरिंग, नटबोल्ट, वायसर... ‘वायसर’ म्हणजे ‘वॉशर’, हे मला त्यानं सांगितलं. फळ्यावर त्यालाच लिहायला लावलं. स्पेलिंग चुकलं, पण कुणी हसलं नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी भीती नववीपर्यंत टिकते. म्हणून शिकवण्याआधी, मुलापाशी काय आहे ते विचारावं.