चित्रपट अर्धवट सोडून उठावें काय?

चित्रपटगृहाच्या काळोखांत बसलेल्या माणसाच्या मनांत केव्हां केव्हां एक प्रश्न उभा राहतो, आणि तो पडद्यावर चाललेल्या कथेविषयीं मुळींच नसतो. नायकाचें पुढें काय होणार याची फिकीर त्याला उरलेली नसते. आपलें पुढें काय होणार याची मात्र काळजी लागलेली असते. अजून सव्वा तास बाकी आहे, मांडीवरचें मूल झोपून जड झालें आहे, आणि पडद्यावर नायक-नायिकेचा रुसवा तिसऱ्यांदा सुरू झाला आहे. उठावें कीं बसावें? प्रश्न क्षुल्लक म्हणून हंसण्यावारी नेतां येईल. परंतु जो प्रश्न सुशिक्षित घरांतील माणसांना वर्षांतून दोन-चार वेळां तरी छळतो, त्याचा एकदां नीट विचार करण्यास हरकत नसावी.

या बाबतींत रेडिओचा श्रोता भाग्यवान खरा. भाषण कंटाळवाणें वाटूं लागलें कीं त्यानें हात लांबवून कळ फिरवावी. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. चित्रपटाच्या प्रेक्षकाला मात्र उठण्यासाठीं दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात आणि आपली नापसंती, अंधारांत कां होईना, चारचौघांत जाहीर करावी लागते.

प्रारंभीं असा प्रसंग येण्याचें कारणच नव्हतें. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. तिकीट एक रुपया होतें आणि प्रत्येक चित्र मिनिटभरांत संपत असे. एवढ्या अवधींत माणसाला आश्चर्य वाटूं शकतें. कंटाळा येण्यास सवड कोठें? पुढें १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. तो सुरतेस नेला असतां प्रेक्षक मिळेनात, कारण नाटक रात्रभर चालतें आणि हा खेळ दीड तासांत आटोपतो, ही लोकांची तक्रार. तेव्हां फाळक्यांनीं ‘सत्तावन्न हजार चित्रें, दोन मैल लांबीचा खेळ, अवघ्या तीन आण्यांत’ अशा अर्थाची जाहिरात केल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. ज्या लांबीला आजचा प्रेक्षक भितो, तीच लांबी त्या काळीं आमिष म्हणून पुढें करावी लागली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

नंतर महाराष्ट्रांतील जत्राजत्रांतून फिरत्या सिनेमाचे तंबू उभे राहूं लागले. तंबूंत खुर्च्या नसत. माणसें जमिनीवर बसत, लवंडत, शिदोरी सोडीत; आणि खेळ नीरस झाला कीं कनातीचें टोंक उचलून बाहेर पडत. बाहेर पाळणा होता, भजीं होतीं, बांगड्यांचीं दुकानें होतीं. तेथें प्रेक्षकाला उठण्याची लाज वाटत नसे, कारण तो मुळीं बसलाच होता तो अर्धा जत्रेंत राहून. तंबूवाल्यालाही निकाल ताबडतोब कळे. आतां हे तंबू विरळ झाले आहेत. २०१६ सालीं त्यांच्यावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट निघाला, तो बहुतांशीं त्यांच्या उतरत्या काळाचाच आहे. चित्रपटगृह पक्कें झालें, खुर्चीला क्रमांक आला, दार लोटून घेतलें गेलें, आणि उठणें ही एक सामाजिक कृति होऊन बसली.

मावळांतील प्रेक्षकाची अडचण तर आणखी निराळी आहे. भोर घाटांतून १८६३ सालीं आगगाडीचा मार्ग खुला झाला, आणि तेव्हांपासून या मुलखाचें एक तोंड मुंबईकडे व एक पुण्याकडे वळलेलें आहे. पुण्याहून लोणावळें रेल्वेनें ६४ किलोमीटर. १९७८ सालीं पुणें-लोणावळें लोकल सुरू झाली, तेव्हां मळवली, कामशेत, कान्हे, वडगांव, तळेगांव येथील माणसाला पुण्यास जाऊन चित्रपट पाहून परत येणें सोईचें झालें. परंतु गाडी गाडीच्या वेळेनें सुटते. चित्रपटाच्या गुणदोषांशीं तिला कर्तव्य नसतें. कामशेतचा कुटुंबवत्सल माणूस कंटाळून मध्यंतरालाच बाहेर पडला, तरी तो घरीं लवकर पोहोंचेल असें नाहीं. त्यानें फार तर गादीची खुर्ची सोडून फलाटावरचें बांक पत्करलें, एवढेंच. म्हणून या भागांतील प्रेक्षक वाईट चित्रपटही शेवटपर्यंत पाहतो. त्याला सहनशील म्हणावें कीं हिशेबी, हें ठरविणें कठीण आहे.

शिवाय पाऊस आहे. लोणावळ्यास वर्षाकाठीं सामान्यतः दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक आषाढ-श्रावणांत. घाटमाथ्यावर पागोळ्यांची भिंत उभी असतां जो माणूस छपराखालीं बसून आहे, तो चित्रपटाच्या गोडीनें बसला आहे असें समजणें धाडसाचें ठरेल.

येथील प्रेक्षकाच्या निराशेचा एक प्रकार मात्र खास मावळचा आहे, आणि तो इतरांना सहसा उमगत नाहीं. शिवकालावर चित्रपट निघाला कीं मावळांत त्याची वाट पाहिली जाते. मावळा हें नांवच या मातीचें आहे. बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं ‘सिंहगड’ काढला. रात्रीचे प्रसंग त्यांनीं कृत्रिम प्रकाशांत चित्रित केले आणि शेलारमामाच्या भूमिकेंत तरुण शांतारामांना उभें केलें. साधनें तुटपुंजीं, पण श्रद्धा आणि निरीक्षण यांत उणीव नव्हती. आज साधनांना सीमा नाहीं. पण लोहगडाच्या विंचूकाट्यावर ज्यानें भर वाऱ्यांत पाय रोवले आहेत, तुंग-तिकोन्याच्या वाटेवर ज्याच्या आजोबांनीं गुरें वळलीं आहेत, त्याच्यापुढें यंत्रगणकानें रंगविलेला गुळगुळीत गड आणि परीटघडीच्या पोशाखांतले मावळे येऊन उभे राहिले, म्हणजे त्याचें मन विटतें. तो उठत नाहीं, कारण पडद्यावर महाराजांचें नांव चाललेलें असतें. हा संकोच निर्मात्यांना ठाऊक आहे आणि त्याचा लाभ घेतला जातो, असें स्पष्ट म्हणणें भाग आहे. थोर नांवाच्या आडोशाला बसून केलेला आळस हा साध्या आळसाहून अधिक निंद्य होय.

आतां न उठण्याचें सर्वांत सामान्य कारण पाहूं गेलें तर तें तिकिटाचे पैसे हेंच निघतें. पैसे तर गेलेच आहेत. बसलें तरी ते परत मिळत नाहींत आणि उठलें तरी मिळत नाहींत. मग त्यांच्यापायीं आणखी तासभर कां गमवावा? तर्क बिनतोड आहे, आणि तरीही तो कोणाला पटत नाहीं. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं यावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचीं हंगामाचीं तिकिटें घेणाऱ्यांपैकीं कांहींना त्यांनीं पूर्ण दरानें आणि कांहींना सवलतीनें तिकिटें मिळतील अशी योजना केली. कोणाला कोणता दर हें केवळ योगायोगावर सोडलें. हंगामाच्या पूर्वार्धांत पूर्ण दर भरणारे लोक अधिक नाटकांना हजर राहिले. नाटकें तींच होतीं. खिशाला बसलेला चिमटा तेवढा वेगळा. उत्तरार्धांत हा फरक उरला नाहीं. पैशाचें दुःखही कांहीं महिन्यांत बोथट होतें, असा याचा अर्थ. चित्रपटाच्या प्रेक्षकाला दुर्दैवानें तेवढी मुदत नसते. त्याचा चिमटा ताजा असतो, आणि सहकुटुंब गेलेल्याचा तर चौपट.

सहकुटुंब हा शब्द येथें महत्त्वाचा. एकटा माणूस उठूं शकतो. परंतु ज्या चित्रपटानें वडिलांना जांभया आणल्या, त्याच चित्रपटांत आजीबाई डोळ्यांना पदर लावून बसलेल्या असतात आणि धाकटी मुलगी विनोदी नटाला खिदळत असते. अशा वेळीं वडिलांनीं ‘चला’ म्हणणें ही रसिकता नव्हे, जुलूम होय. मध्यंतर ही आपल्याकडील चित्रपटांची मोठी सोय आहे. बटाटेवड्याच्या निमित्तानें तेथें घराचें मत घेतां येतें, आणि बहुमत विरुद्ध गेलें तर दिवाणखान्यांतील एखाद्या बाकावर बाहेरच बसून राहतां येतें. कित्येक गृहस्थ हें गुपचूप करतात.

पण या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती लोणावळ्याशींच निगडित आहे. गुरुदत्त हे १९४४ सालीं पुण्यांत प्रभात कंपनींत दाखल झाले. तेथेंच देव आनंद यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. पुढें मुंबईस नांव मिळविल्यावर त्यांनीं लोणावळ्यास शेती घेतली, आणि स्टुडिओच्या कामाचा शीण घालविण्यास ते तेथें जात. १९५९ सालीं त्यांनीं ‘कागज के फूल’ हा चित्रपट काढला. भारतांतील तो पहिला सिनेमास्कोप चित्रपट. व्ही. के. मूर्ति यांनीं त्यांत प्रकाशाचे जे झोत स्टुडिओच्या अंधारांत उतरविले, त्यांचा अभ्यास छायाचित्रकार अजून करतात. कथा एका दिग्दर्शकाची: यशाच्या शिखरावरून घसरत तो शेवटीं आपल्याच जुन्या स्टुडिओंत, दिग्दर्शकाच्या खुर्चीवर, प्राण सोडतो. लोकांनीं चित्रपटाकडे पाठ फिरविली. त्यांना तो संथ वाटला, उदास वाटला. करमणुकीला आलेल्या माणसापुढें चित्रपटवाल्यानें आपलेंच रडगाणें कां गावें, असें वाटलें. या तक्रारींत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. मध्येंच घुसडलेले विनोदाचे प्रवेश आजही खटकतात.

गुरुदत्तांचें वय तेव्हां चौतीस होतें. त्यानंतर त्यांनीं दिग्दर्शक म्हणून आपलें नांव कोणत्याही चित्रपटावर घातलें नाहीं. १९६० चा ‘चौदहवीं का चांद’ एम. सादिक यांच्या नांवें आणि १९६२ चा ‘साहिब बीबी और गुलाम’ अब्रार अल्वी यांच्या नांवें प्रसिद्ध झाला. नवलाची गोष्ट ही कीं, अर्धवट उठून जाण्याची खोड गुरुदत्तांनाही होती, आणि ती स्वतःच्या कामाच्या बाबतींत. ‘गौरी’, ‘राज’ असे चित्रपट त्यांनीं सुरू केले, कांहीं भाग चित्रित केला, पसंत पडला नाहीं म्हणून टाकून दिले. पैसा किती बुडाला याची तमा बाळगली नाहीं. ओहायोच्या त्या तिकीटवाल्यांना जें साधलें नाहीं तें त्यांना साधत होतें. तथापि तो शहाणपणा होता कीं अस्वस्थता, हें कोणीं सांगावें?

मेरा नाम जोकरची हकीगत याहून सौम्य आहे. १९७० सालचा हा चित्रपट दोन मध्यंतरांचा, चार तासांहून लांब. राज कपूर त्यापायीं कर्जांत बुडाले, आणि १९७३ च्या ‘बॉबी’नें त्यांना वर काढलें. तोटा भरून निघाला. गुरुदत्तांचा जो तोटा झाला तो पैशाचा नव्हता. ‘शोले’ची तर गोष्टच उलटी. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं तो प्रदर्शित झाला तेव्हां पहिल्या दिवसांत धंदेवाल्यांनीं तो पडला असें धरलें, आणि शेवट बदलून पुन्हां चित्रण करावें कीं काय, येथपर्यंत निर्मात्यांची चर्चा गेली. त्यांनीं तसें केलें नाहीं. तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हांत पांच वर्षें चालला. प्रेक्षक प्रथम गप्प बसले होते, आणि त्या शांततेचा अर्थ कोणालाच लावतां आला नव्हता. उलट २००७ सालीं त्याच कथेवर बेतलेला ‘राम गोपाल वर्मा की आग’ आला, त्याच्या बाबतींत मात्र पहिल्या दिवसाचा निकालच कायम राहिला.

म्हणून उठण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, आपल्याला कंटाळा कशाचा आला आहे. निर्मात्यानें आपल्याला मूर्ख समजून शिळेंच ताट पुढें केलें असेल, तर खुशाल उठावें. फलाटावरचें बांक त्याहून बरें. पण ताट अनोळखी असेल, वाढणारा सावकाश वाढीत असेल, तर आणखी दोन घांस घेऊन पाहण्यास कांहीं खर्च होत नाहीं.

गुरुदत्त १० ऑक्टोबर १९६४ रोजीं वारले. त्याच वर्षीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि पी. के. नायर यांनीं लोकप्रिय-अलोकप्रिय असा भेद न मानतां रिळें गोळा करण्यास आरंभ केला. जेथें गुरुदत्त उमेदवारी करीत होते त्या प्रभातच्या आवारांत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था होतीच. ‘कागज के फूल’ विद्यार्थ्यांना दाखविला जाऊं लागला. पुढें परदेशांतही त्याचे खेळ झाले, आणि ज्या चित्रपटांतून लोक उठून गेले होते त्याच्यासाठीं लोक रांगा लावूं लागले. दिग्दर्शकाला मात्र यांतलें कांहींच पाहावयास मिळालें नाहीं.