पैठणचा अकीक, तेरचं कापड आणि ग्रीक भाषा



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाखाली लगेच 'लेझीम' छापलं आहे आणि लेझीमवाले पडद्यामागे मघापासून खुळखुळत आहेत. तेव्हा नमनाला घडाभर तेल घालत नाही.

मी ग्रीक शिकवते, असं सरांनी सांगितलं तेव्हा मागच्या रांगांतून एक 'ऑ?' आला. तो मला नवा नाही. जर्मन आलं तर तिकडे शिकायला जाता येतं, जपानी आलं तर हायटेक सिटीत चांगली नोकरी लागते. ग्रीक शिकून करायचं काय? माझ्याकडे येतात ती माणसंही तशी अवलियाच. कुणाला नवा करार मुळातून वाचायचा असतो, कुणाला तत्त्वज्ञान, कुणी नुसतंच सुट्टीत सांतोरीनीला जाऊन आलेलं असतं आणि तिथली निळी-पांढरी घरं डोळ्यांपुढून हलत नसतात. लिपी सगळ्यांना पटकन येते. अल्फा, बीटा, थीटा, पाय ही मंडळी गणिताच्या तासाला भेटलेली असतात. घोडं अडतं ते त्यानंतर. शब्द पाठ होतात, क्रियापदं चालवता येतात, पण समोरचा काय बोलतोय याचा पत्ता लागत नाही. कारण तो जिथे उभा राहून बोलतोय ती जमीनच माहीत नसते.

म्हणून मी व्याकरणाच्या आधी नकाशा उघडते. ग्रीस म्हणजे बहुतेक डोंगर. ऑलिंपस २,९१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेदोनपट. गोदावरी-कृष्णेसारख्या नद्या तिथे नाहीत. बेटं सुमारे ६,०००, त्यातली वस्तीची सव्वादोनशेच्या आसपास. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो आणि तो जोरात असला की बोटी बंदरातच अडकून पडतात. पुस्तकातल्या धड्यात 'बोट किती वाजता सुटते?' असा प्रश्न असतो आणि त्याला आठ-वाजता-नऊ-वाजता असं गुणी उत्तर असतं. बेटावरचा माणूस मात्र सांगतो, 'वारा पडला की.' मेल्तेमी ठाऊक नसेल तर तो तुमची थट्टा करतोय असंच वाटणार.

पण ग्रीसच्याही आधी मी आणखी एक नकाशा दाखवते. तो आपला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. 'पेरिप्लस' म्हणून ते ओळखलं जातं. लेखकाचं नाव कुठेच नाही. तांबड्या समुद्रातून निघून भारताच्या किनाऱ्यापर्यंत कुठलं बंदर कुठे, तिथे काय विकलं जातं, काय घ्यावं, कुठे खडक आहेत, कुठे चोर. भाषा अगदी रोखठोक, खतावणीसारखी. प्लेटोचं ग्रीक वाचणारे विद्वान तिला नाक मुरडतात. मला ती नवशिक्यांसाठी फार गोड वाटते, कारण प्रत्येक वाक्यात एक वस्तू असते आणि एक ठिकाण असतं.

हा माणूस बरिगाझाला येतो. बरिगाझा म्हणजे भडोच. तिथल्या खाडीतल्या भरती-ओहोटीने तो घाबरलेला आहे. परक्या जहाजांना वाट दाखवायला राजाचे कोळी पुढे येतात, हे तो मुद्दाम नोंदवतो. मग लिहितो की भडोचपुढे किनारा दक्षिणेकडे वळतो आणि त्या मुलखाला 'दखिनाबादेस' म्हणतात. दख्खन! आतल्या भागात मोठे डोंगर, वाघ, बिबटे, हत्ती, प्रचंड साप. आणि दोन मोठी व्यापारी शहरं. भडोचहून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठाना, तिथून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड गाड्या भरभरून येतात. तगरहून साधं कापड पुष्कळ आणि तलम मलमलीचे नाना प्रकार. रस्ते धड नाहीत, असं तो वर कुरकुरतो. हैदराबादहून एस.टी.ने मराठवाड्यात गेलेल्यांनी यावर हसू नये.

हे तगर नक्की कुठलं, यावर गेल्या शतकापूर्वी बराच खल झाला. कुणी दौलताबाद म्हटलं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी ते तेर आहे असं दाखवून दिलं आणि ते आता मान्य झालं आहे. तेर म्हणजे आपल्या गोरोबाकाकांचं तेर, तेरणेच्या काठचं. पैठण म्हणजे नाथांचं पैठण. तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी ही दोन्ही गावं संतांमुळे आहेत. त्या ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीत ती दगडांमुळे आणि कापडामुळे आहेत. आणि फ्लीट साहेबांनी शोध लावला तेव्हा तेर आणि पैठण दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, याच शहरातून त्यांचा कारभार चालत होता. म्हणून म्हणते, ग्रीक भूगोलाचं सर्वांत जवळचं पान तुम्हाला अथेन्समध्ये शोधायची गरज नाही.

तेरमध्ये आज एक शासकीय संग्रहालय आहे. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाभोवतीच्या टेकाडांवर मिळालेल्या वस्तू जपून ठेवल्या, त्यातून ते उभं राहिलं आणि आता त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती. तेरला मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. इटलीतलं पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं; तिथे १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. या दोघींचं इतकं साम्य आहे, की पाँपेईची मूर्ती आपल्याच भागातून, तेर-भोकरदनकडून गेली असावी असं अनेकांना वाटतं.

आता एक नाणं दाखवते. म्हणजे त्याचा फोटो, तो पडद्यावर आणा जरा. नाशिकजवळ जोगळटेंभी नावाचं गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३,००० हून अधिक नाणी. ती क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. आमच्या वर्गातल्या मुलीने ती मोठ्या उत्साहाने वाचायला घेतली आणि दोन मिनिटांत हिरमुसली, 'मॅडम, याला काही अर्थच लागत नाही.' लागणार नाहीच, कारण लिपी ग्रीक आणि भाषा प्राकृत आहे. तुम्ही मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिता ना, अगदी तसंच! आणि त्या चेहऱ्यावर हे जे ठसे उमटलेले दिसतात, ते गौतमीपुत्र सातकर्णीचे. नहपानाला हरवल्यावर त्याने ही नाणी वितळवली नाहीत, त्यांच्यावरच आपले शिक्के मारले. साठ्यातली ९,००० हून जास्त नाणी अशी आहेत.

हे ग्रीक बोलणारे लोक नुसते येऊन माल घेऊन गेले असंही नाही. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंना जेवणाचा मंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यातले कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. यवन म्हणजे प्रत्येक वेळी ग्रीकच का, यावर विद्वानांत वाद आहे आणि तो राहू द्या. मला त्यातलं पाण्याचं टाकं आवडतं. सह्याद्रीत चैत्र-वैशाखात काय मोलाचं असतं, हे त्या परक्या माणसाला कळलं होतं.

इथे कुणाचं नाव मिलिंद आहे का? हात वर करा. एक, दोन... तिकडे एक सर पण! तर मिलिंद म्हणजे मेनांद्रोस, ग्रीक राजा. त्याची नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात, असं पेरिप्लसकार लिहितो, म्हणजे राजा गेल्यावर दोनशे वर्षांनी. नागसेन भिक्षूशी झालेल्या त्याच्या संवादाचा ग्रंथ 'मिलिंदपञ्ह'. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढलं, त्याला याच राजाचं नाव आहे आणि परिसराला नागसेनाचं. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यातच होतं. प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचं नाव कॉलेजला द्यावं, हे सुचायलाही बाबासाहेबच हवेत.

आजच्या ग्रीसबद्दल दोनच गोष्टी सांगते. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. तुर्कस्तानातले सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, ग्रीसमधले साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे गेले. निकष होता धर्माचा, भाषेचा नाही. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये येऊन पडले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. अथेन्सला 'नवं स्मिर्ना', 'नवं आयोनिया' अशी उपनगरं आहेत, ती या निर्वासितांनी मागे सुटलेल्या गावांच्या आठवणीने वसवली. फुटबॉल बघणाऱ्यांनो, एईके अथेन्स हा क्लब १९२४ साली कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांनी काढला. त्याच्या नावातला शेवटचा 'के' त्या शहराचा. आपल्याकडे १९५६ साली हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन तुकडे झाले आणि तुमची-माझी घरं मात्र काचीगुडा, सुलतान बाजार, कोठीतच राहिली. कुणी आपल्याला घालवलं नाही, हे भाग्यच. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण घरात एक भाषा, दारात दुसरी आणि रिक्षावाल्याशी तिसरी, हे काय असतं ते तुम्हाला शिकवावं लागत नाही. निर्वासितांची ग्रीक गाणी ऐकताना पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्ही थोडे पुढे असाल, असं माझं प्रामाणिक मत आहे. पुणेकरांनी क्षमा करावी.

दुसरी गोष्ट भांडणाची. ग्रीसमध्ये शतकभर दोन ग्रीक भाषा नांदत होत्या, एक कागदावरची शुद्ध, दुसरी बाजारातली. १९०१ साली एका वर्तमानपत्राने शुभवर्तमान लोकांच्या भाषेत छापायला घेतलं तर अथेन्समध्ये दंगल झाली, आठ माणसं मेली. लोकांची भाषा शाळेत आणि सरकारात आली ती थेट १९७६ मध्ये. तेलुगूत गिडुगू राममूर्तींनी व्यवहारातल्या भाषेसाठी असाच लढा दिला. २९ ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिवशी, तेलुगू भाषा दिन असतो. तुमच्या तेलुगूच्या मॅडमना विचारा, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता शेवटचं, प्राचार्य सरांसाठी. दरवर्षी सहल रामोजी फिल्म सिटीला जाते, असं मुलांकडून कळलं. यंदा ती तेरला न्यावी. जहीराबाद, उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव करत तेर. सकाळी लवकर निघायचं, वाटेत तुळजाभवानीचं दर्शन होतं, नळदुर्गचा किल्ला होतो. तेरला संग्रहालय, गोरोबाकाकांचं देऊळ आणि विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर चालत बघून होतं. पेरिप्लसमधला तो उतारा मी मराठीत करून देते, छापायचा खर्च संस्थेने करावा. तारीख ठरली की कळवा, मी माझा डबा घेऊन येईन.

चला, लेझीम येऊ द्या.