शस्त्रक्रिया, विश्रांती आणि घरून काम

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्त्यांची भाषणे होतात. यंदा तो मान चिटणीसांनी माझ्यासारख्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकवाल्यास, एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय कोणता घ्यावा असे विचारता चिटणीस म्हणाले, "गुरुजी, संस्कारांवर बोला." मी नम्रपणे नकार दिला. संस्कारांवर मी अडतीस वर्षे वर्गात बोलत आलो. ऐन प्रसंगी माझ्याच घरात ते कसे तोकडे पडले, हे आज आपणांपुढे ठेवावे असे मनात आहे. जिच्याविषयी मी बोलणार आहे ती माझी सून तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्या अनुमतीवाचून यातील एक अक्षरही मी उच्चारले नसते.

२०२३ सालच्या जुलै महिन्यात माझ्या सुनेवर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी तिचे वय छत्तीस, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन १०८ किलो होते. वजनाच्या किलोंस मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो त्यास डॉक्टर बी.एम.आय. म्हणतात. मी गणिताचा शिक्षक. कागदावर मांडून पाहिले, तो अंक त्रेचाळीसच्या वर गेला. चौतिसाव्या वर्षी तिला मधुमेह जडलेला होता, आणि रात्री झोपेत तिचा श्वास मधूनच थांबत असे. आठ वर्षे तिने उपास केले, पहाटे फिरावयास गेली, आहारतज्ज्ञांची पथ्ये पाळली. दहा किलो उतरावेत आणि बारा किलो चढावेत, असे ते चक्र होते.

या शस्त्रक्रियेस पुष्कळजण श्रीमंतांचे फॅड समजतात. मीही समजत होतो. वस्तुतः १९६६ सालीच अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी या हेतूने जठराची बायपास शस्त्रक्रिया केली होती. माझ्या सुनेवर झाली ती निराळी. तिला 'स्लीव्ह' म्हणजे बाही असे नाव आहे. दुर्बिणीतून, लहान लहान छिद्रांवाटे, जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यत्वे त्या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून भूकही मंदावते. हे ऐकले तेव्हा मी काहीसा ओशाळलो, कारण इतकी वर्षे मी सारा दोष तिच्या जिभेस देत आलो होतो.

२४ जुलैला शस्त्रक्रिया झाली आणि चौथ्या दिवशी ती घरी आली. पोटावर पाच लहान पट्ट्या, एवढेच काय ते दिसण्यासारखे. बाळंतिणीस आपण सव्वा महिना जपतो. इथे तर जखमच डोळ्यांना दिसत नव्हती. तेव्हा जपावयाचे ते काय, हे कोणास उमगले नाही.

ती मुंबईतील एका विमा कंपनीत नोकरी करते. २०२० च्या टाळेबंदीपासून तिचे काम घरूनच चालते. बैठकाही संगणकाच्या पडद्यावरच होतात. रजा शिल्लक होती. पण ती गौरी-गणपतीसाठी राखून ठेवलेली होती. कारण तीन दिवसांचा स्वयंपाक आमच्या घरी तिच्यावाचून होत नाही. नवव्या दिवशी सकाळी साडेनऊला तिने लॅपटॉप उघडला. मी समोर वर्तमानपत्र वाचीत होतो. मी म्हटले, "बरे झाले, घरीच तर बसायचे आहे."

श्रोतेहो, हे माझे वाक्य आपण ध्यानात ठेवावे. तिला जर डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून मुंबईस जावयाचे असते, तर दुसऱ्या आठवड्यात मी तिला उंबरठा ओलांडू दिला नसता. पण लॅपटॉप दिवाणखान्यातच उघडला, तेव्हा आम्हा सर्वांना वाटले की ही अद्याप विश्रांतीच घेत आहे. आणि कंपनीस वाटले की बाई कामावर रुजू झाल्या. दोन्ही समजुती एकाच वेळी तिच्या माथी बसल्या.

डॉक्टरांचा येथे दोष नाही. आठ-पंधरा दिवसांनी बैठे काम करण्यास हरकत नाही, असे त्यांनी सांगितले होते. तेवढे आम्ही ऐकले. त्यापुढचे, म्हणजे दर तासाला उठून चालावे, महिना-दीड महिना जड उचलू नये, दिवसभर घोटघोट पाणी घ्यावे, हे कागदावर छापलेले होते आणि कागद औषधांच्या पिशवीत राहिला.

या पाण्याचा हिशेब मी जरा विस्ताराने सांगतो. माझ्या मते सगळे मर्म त्यातच आहे. दिवसाकाठी दीड ते दोन लिटर द्रव पोटात जावयास हवे. आपण तहान लागली म्हणजे तांब्याभर पाणी घटाघटा पितो. तिच्या त्या नळीत जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर मावते, आणि आरंभी सूज असल्यामुळे तेही एकदम घेता येत नाही. म्हणून औषधाच्या बाटलीवरील टोपणाएवढे, ३० मिलिलिटर, दर दहा मिनिटांनी घ्यावयाचे. तासाला १८० होतात, दहा तासांत १८००. हिशेब सुंदर जमतो. परंतु दीड तासाची एक बैठक मध्ये आली आणि घोट चुकले, की २७० मिलिलिटरांची तूट पडते. तुमची-माझी तूट एका पेल्याने भरून निघेल. तिची कशानेही निघत नाही, कारण पुढच्या तासाचे घोट त्या तासालाच पुरतात. गेलेली वेळ तिला पिऊन काढता येत नाही.

मग बैठकीत ती घोट का घेत नव्हती? कारण पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता, आणि दर दहा मिनिटांनी टोपणातून पाणी पिणाऱ्या बाईस सहकाऱ्यांनी विचारले असते. तिने कचेरीत हर्नियाचे ऑपरेशन सांगितले होते. आम्हीही नातेवाइकांस, आणि या मंडळातील आपणांसही, हर्नियाच सांगितला होता. तो शब्द प्रथम मीच सुचविला.

तो अधिक श्रावण चालू होता. शनिवारी ५ ऑगस्टला लेक-जावई धोंड्याच्या जेवणास यावयाचे होते. आमच्या सौभाग्यवतीचे गुडघे धरलेले. शुक्रवारी सूनबाईने तीन बैठका केल्या, आणि दोन बैठकांच्या मधल्या वेळात पुरणाच्या डाळीचा मोठा कुकर शेगडीवरून उतरवला. "अगं, राहू दे," असे आम्ही म्हणालो. उठून कुकर मात्र कोणी धरला नाही.

शनिवारी पहाटे ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. ओठ सुकलेले, नाडी वेगाने चालत असलेली. इस्पितळात नेले. ताप आहे काय, पोटात वा डाव्या खांद्यात दुखते काय, हे डॉक्टरांनी प्रथम विचारले. टाक्यांतून गळती झाली तर ही चिन्हे दिसतात, आणि तसे असते तर गोष्ट फार निराळी झाली असती. ते नव्हते. मग त्यांनी विचारले, "काल दिवसभरात पाणी किती गेले?" मी तत्परतेने म्हटले, "भरपूर." सूनबाई क्षीण स्वरात म्हणाली, "बाबा, अर्धा लिटरही नाही." शस्त्रक्रियेनंतर रोगी परत इस्पितळात येतात त्यांत शरीर कोरडे पडल्यामुळे येणारे पुष्कळ असतात, असे डॉक्टर म्हणाले. दोन दिवस शिरेवाटे द्रव दिले. जावई इस्पितळातच भेटून गेले.

परत आल्यावर तिने आपल्या वरिष्ठ बाईंना फोनवर खरे काय ते सांगितले. ती बाई आमच्या कल्पनेपेक्षा शहाणी निघाली. आणखी आठ दिवस पूर्ण रजा, मग तीन आठवडे अर्धा दिवस काम, पाऊण तासाहून लांब बैठक नाही आणि पडद्यावर चेहरा दाखविण्याची सक्ती नाही, असे ठरले. गणपतीची रजा यात संपली. तेव्हा त्या वर्षी गौरीचा स्वयंपाक माझ्या मुलाने आणि मी केला. घावन-घाटले कसे झाले ते विचारू नये.

घरात मी एक काम स्वतःकडे घेतले. अडतीस वर्षे शाळेच्या घंटेवर जगलेला माणूस मी. दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर वेळापत्रक आखले आणि दर दहा मिनिटांनी पेल्यावर चमचा वाजवू लागलो. तासाची घंटा झाली की दहा मिनिटे ओटीवर चालणे. फार वेळ एका जागी बसल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचे भय असते. वरणाची निवळ पौष्टिक असते ही आमच्या सौभाग्यवतीची श्रद्धाही सोडावी लागली. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिने निवळीतून मिळत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली भुकटीच पाण्यातून घ्यावी लागली. ब-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या तर तिला जन्मभर आहेत.

दिवाळीच्या सुमारास तिचे केस गळू लागले. या शस्त्रक्रियेनंतर तीन-चार महिन्यांनी तसे होते आणि पुढे ते परत येतात. परंतु आपल्या ज्ञातीत कुजबुज सुरू झाली की गुरुजींच्या सुनेस कर्करोग आहे आणि ते लपवीत आहेत. हर्नियाने केस गळत नाहीत, हे आपणां सर्वांस ठाऊक होते! त्या वर्षीच्या संमेलनात ती पंक्तीस बसली तेव्हा एका ज्येष्ठ भगिनीने प्रेमाने तिच्या पानात दोन जिलब्या वाढल्या, "खा गं, किती वाळलीस" म्हणाल्या, आणि ती खाईपर्यंत जवळून हलल्या नाहीत. पुढचा तास ती मागच्या खोलीत घामाघूम होऊन आडवी पडली होती. त्या भगिनीस मी दोष देत नाही. खरे काय ते त्यांना सांगितलेच कोणी होते?

आज तिचे वजन ७४ किलो आहे, मधुमेहाची औषधे सध्या थांबली आहेत, आणि झोप शांत लागते.

आता एक गोष्ट, जी सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला. २०२१ साली मी आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या समितीवर होतो. आपल्याच ज्ञातीतील एका तरुणाचा याच शस्त्रक्रियेसाठी अर्ज आला होता. तोही घरून काम करणारा. बिनपगारी रजेच्या काळात घर चालावे म्हणून त्याने थोडी रक्कम मागितली होती. समितीत चर्चा झाली, आणि मी म्हणालो, "घरी बसून काम करणाऱ्यास रजा कशाला हवी? आणि तोंडावर ताबा ठेवला तर शस्त्रक्रिया तरी कशाला?" सभासद हसले. अर्ज नामंजूर झाला. इतिवृत्तात माझे नाव आहे.

बी.एम.आय. चाळीस किंवा अधिक असल्यास, अथवा पस्तीसच्या वर असून सोबत काही ठरावीक गंभीर विकार असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने होणारी ही शस्त्रक्रिया आरोग्यविम्यातून वगळता येत नाही, अशी सूचना भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ सालीच काढली होती. आपल्या निधीचे नियम मात्र अजून तिला आजारात धरीत नाहीत. नियम बदलण्याचा ठराव मी आजच्या सर्वसाधारण सभेपुढे देत आहे. त्यात शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबरच घरून काम करणाऱ्याच्या बिनपगारी रजेचाही उल्लेख आहे.

मागच्या महिन्यात मी त्या तरुणाच्या घरी जाऊन आलो. शस्त्रक्रिया अद्याप झालेली नाही. त्याने मला चहा दिला, झाल्या गोष्टीचा उच्चार केला नाही. त्याचा नवा अर्ज मी आज सकाळी चिटणीसांच्या हाती दिला आहे. त्यावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.