काळ्या मातीतला कर्ब

टेक्सासमधल्या प्लेनो, ॲलन, फ्रिस्को या भागात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना इथल्या मातीचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. पाऊस झाला की ती फुगते. ऑगस्टच्या उन्हात आक्रसते, भेगाळते, आणि घराचा पाया हलू नये म्हणून आपण कडेकडेने पाण्याची पाझरणारी नळी अंथरतो. वऱ्हाड-मराठवाड्यातून आलेल्या माणसाला या भेगा नव्या नाहीत. इथली ‘ह्यूस्टन ब्लॅक’ माती आणि आपली कापसाची काळी माती मृदाशास्त्राच्या एकाच गटात मोडतात, त्याचं नाव व्हर्टिसॉल. आपली माती दख्खनच्या बेसाल्टची, इथली जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडी गाळाची. फुगणारी चिकणमाती मात्र दोन्हीकडे आहे, आणि कर्ब धरून ठेवण्याची मोठी ताकद त्या चिकणमातीत आहे. तो कर्ब तिथे कसा पोचतो आणि कशाने निघून जातो, ते आज सांगायचं आहे.

जगभरच्या जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेतला आणि सगळ्या झाडाझुडपांतला कर्ब एकत्र केला तरी तो याहून कमी भरतो.

काडीकचरा कुजून काळा झाला की तोच जमिनीत टिकतो, असं पूर्वी मानत. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने हे चित्र बदललं आहे. झाड उन्हात साखर तयार करतं आणि तिच्यातला काही भाग मुळांवाटे जमिनीत सोडतं. त्यावर जिवाणू आणि बुरशा जगतात. मायकोरायझा नावाची बुरशी तर मुळांना चिकटून राहते. झाडाकडून साखर घेते आणि आपल्या बारीक तंतूंनी दूरचं स्फुरद त्याला आणून देते. हे सूक्ष्मजीव खाल्लेल्या कर्बाचा काही भाग श्वासावाटे हवेत सोडतात, उरलेल्यातून स्वतःचं शरीर बांधतात. ते मेले की त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात, मातीच्या बारीक ढेकळांत दडतात आणि दशकानुदशकं, कधी शतकानुशतकं तिथे राहतात. म्हणजे जमिनीत दीर्घकाळ टिकणारा बराचसा कर्ब सूक्ष्मजीवांच्या शरीरातून गेलेला असतो, आणि त्यांना जगवणारं मूळ जिवंत असावं लागतं.

आता आपल्या पायाखालच्या जमिनीचा इतिहास पाहा. इथे ब्लॅकलँड प्रेअरी होती. बिग ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास ही बहुवर्षायू गवतं, माणसाच्या उंचीहूनही खोल जाणारी त्यांची मुळं. हजारो वर्षं या मुळांनी सूक्ष्मजीव पोसले म्हणून माती काळी कसदार झाली. १८७२ मध्ये प्लेनोला रेल्वे आली, आणि प्रेअरी नांगराखाली जाऊन कापूस पिकू लागला. नांगराने ढेकळं फुटली, आत दडलेला कर्ब सूक्ष्मजीवांच्या हाती लागला आणि श्वासावाटे हवेत गेला. कापूस निघाल्यावर रान कित्येक महिने उघडं. मुळं नाहीत, म्हणजे नवा कर्बही नाही. मूळ ब्लॅकलँड प्रेअरीचा आज एक टक्काही उरलेला नाही.

या नुकसानीचं मोजमाप झालेलं आहे. वेकोच्या पुढे टेंपल इथे अमेरिकी कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. तिथल्या के. एन. पॉटर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली याच काळ्या मातीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कधीच न नांगरलेल्या प्रेअरीच्या तुलनेत शेतांच्या वरच्या १२० सेंटिमीटर थरात कर्ब २५ ते ४३ टक्क्यांनी कमी होता. शेतात पुन्हा गवत लावलं तिथे तो हेक्टरी वर्षाला सुमारे साडेचारशे किलोने वाढत गेला. पण साठ वर्षं गवताखाली असलेल्या जमिनीलाही प्रेअरीची बरोबरी करायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला.

मग पिकं घ्यायचीच नाहीत का? घ्यायची, पण मुळांचा आणि सूक्ष्मजीवांचा विचार करून. रायगड जिल्ह्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा राईस तंत्र विकसित केलं. गादीवाफे एकदाच करायचे, नांगरट आणि चिखलणी बंद, आणि कापणीनंतर भाताची मुळं उपटायची नाहीत, जमिनीतच कुजू द्यायची. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेती करून हाच विचार मांडला. पिकांची निवडही महत्त्वाची. गहू-ज्वारीच्या धसकटांत कर्ब भरपूर, नत्र कमी. हरभरा, ताग, धैंचा यांच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. दोन्ही प्रकार फेरपालटात आले तर सूक्ष्मजीवांना शरीर बांधायला लागणारा कर्ब आणि नत्र दोन्ही मिळतात. बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम, चांगला असला की पुढचं पीक जोमदार येतं, हे आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मातीत कर्ब साठतो म्हणून कोळसा आणि तेल जाळत राहायला परवानगी मिळत नाही. माती सावकाश भरते आणि काही वर्षांच्या चुकीच्या मशागतीने रिती होऊ शकते. शिवाय तापमान वाढलं की सूक्ष्मजीवांचा श्वासही वाढतो. पण कर्ब वाढला की तीच जमीन पाणी जास्त धरते, पिकाला दुष्काळात तारते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तो जपला पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकांकडे शेत नाही, अंगण आहे. तिथेही हेच नियम लागू होतात. वाफे दरवर्षी खोल खणू नका. टोमॅटो, भेंडी संपली की झाड बुडाशी कापा, मुळं आत राहू द्या. हिवाळ्यात वाफा उघडा न ठेवता त्यात ओट किंवा वाटाणा पेरा. गळलेली पानं पोत्यात भरून रस्त्याकडेला ठेवण्याऐवजी झाडांच्या बुंध्याशी पसरा. लॉनचा एखादा कोपरा ब्लूस्टेमसारख्या इथल्या गवताला द्या. माती ढिली करण्यापेक्षा तिच्यात वर्षभर मूळ जिवंत ठेवणं जास्त मोलाचं आहे. येत्या हंगामात एका वाफ्यापासून सुरुवात करा, आणि मुलांनाही त्या कामात घ्या. या मातीचा गेलेला कस भरून यायला एक पिढी पुरणार नाही, म्हणून पुढच्या पिढीला हे काम आत्तापासूनच यायला हवं.