पडद्याखालच्या ओळी

मी विक्रोळीचा. विक्रोळी म्हणजे कारखान्यांचा मुलूख. 1940 नंतरच्या दशकांत गोदरेजांचे कारखाने येथे उभे राहिले, पुढे टागोरनगर, कन्नमवारनगर अशा वसाहती वसल्या. कोकणातला, घाटावरचा, उत्तरेकडचा, तमिळ मुलखातला माणूस एका नळावर पाणी भरू लागला आणि कोणी शिकवल्यावाचून शेजाऱ्याची भाषा थोडीबहुत बोलू लागला. यात नवल काही नाही. समोर बादली असते, माणूस हातवारे करतो, चिडतो, हसतो. शब्द कानावर पडतो तो वस्तूला चिकटूनच पडतो.

पण जी भाषा बोलणारा माणूस पंचक्रोशीत एकही नाही, ती कशी शिकायची? गावच्या शाळेतल्या मुलाला इंग्रजीचे पुस्तक मिळते, व्याकरण मिळते. नळ मिळत नाही. तो नळ आज पुष्कळ घरांत आलेला आहे, एवढेच मला सांगायचे आहे. परक्या भाषेतला बोलपट आणि त्याच्या तळाशी उमटणाऱ्या दोन ओळी. छापील भाषेत त्यांना उपशीर्षके म्हणतात. आपण साधे खालच्या ओळी म्हणू.

एक उदाहरण घेतो. इराणचे दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांचा 1987 सालचा एक फारसी चित्रपट आहे. नाव 'ख़ानेये दूस्त कोजास्त'. आता हे नाव पुन्हा एकदा सावकाश ऐका. 'ख़ाने' म्हणजे घर. आपल्या दवाखान्यातला, कारखान्यातला तो खाना. 'दूस्त' म्हणजे दोस्त. 'कोजा' म्हणजे कुठे आणि शेवटचा 'अस्त' म्हणजे आहे, संस्कृतातल्या 'अस्ति'चा भाऊबंद. 'मित्राचे घर कुठे आहे?' फारसीचा एक धडाही न शिकलेल्या मराठी माणसाला या नावातले अर्धेअधिक ओळखीचे निघाले की नाही?

गोष्ट तर अगदी आपल्या शाळेतली वाटावी. कोकेर नावाच्या खेड्यातला अहमद हा लहान मुलगा. शेजारी बसणाऱ्या मित्राची वही चुकून त्याच्याबरोबर घरी येते. गुरुजींनी मित्राला बजावलेले आहे की, पुन्हा वहीत अभ्यास लिहून आणला नाहीस तर शाळेतून काढीन. अहमद ती वही पोचती करायला पलीकडच्या गावी निघतो आणि भेटेल त्याला मित्राचे घर विचारत सुटतो. पुढे काय होते ते सांगत नाही, पाहाच. आपल्या कामाची गोष्ट अशी की, तो मुलगा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो. आईला तीच विनवणी पाच-सहा वेळा करतो. पुस्तकातला धडा असता तर आपण कंटाळलो असतो. येथे तो मुलगा घाबरलेला आहे, म्हणून आपणही कान देऊन ऐकतो. सिनेमा संपेपर्यंत तो प्रश्न तोंडात बसलेला असतो.

आणि ती वही, तिला फारसीत म्हणतात 'दफ्तर'! आपल्याकडे दप्तर म्हणजे पाठीवरची पिशवी, नाहीतर कचेरीतले कागद. शब्द एकच, इकडे येऊन त्याने संसार निराळा थाटला. 'आवाज' हा शब्द असाच. तिकडे त्याचा अर्थ गाणे असाही होतो. बाजार, शहर, हजार, गरम, नरम, हप्ता ही तर घरचीच मंडळी. एके काळी राज्यकारभारात हे शब्द इतके भरले होते की, शिवछत्रपतींना त्यांच्यासाठी संस्कृत प्रतिशब्दांचा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हा चित्रपट दाखवलात तर फारसी येवो न येवो, मुलांना मराठी जास्त कळेल.

आता ओळींविषयी. परकी भाषा प्रथम ऐकताना शब्द वेगळे ऐकू येतच नाहीत. मळणीयंत्रातून धान्य पडावे तसा एकसारखा खळखळाट. इंग्रजी माणूस बोलताना चार शब्दांचा एकच गोळा करून टाकतो. खाली तेच वाक्य छापलेले दिसले की, त्या गोळ्याच्या फोडी होतात. कुठे एक शब्द संपला, कुठे दुसरा लागला, हे डोळा कानाला सांगतो. मराठी मुलाला याची गरज अधिक. आपली देवनागरी जवळजवळ बोलल्याप्रमाणे लिहिली जाते, म्हणून आपण इंग्रजीही लिहिल्याप्रमाणे बोलायला जातो. बुधवारच्या इंग्रजी नावातले 'ड' अक्षर आपले मूल मोठ्या निष्ठेने उच्चारते. पडद्यावर ते अक्षर दिसते आणि बोलणारा ते गिळतो, हे चार वेळा एकत्र अनुभवले की निष्ठा सुटते.

मग ओळी कोणत्या भाषेत असाव्यात? येथे पुष्कळांची गल्लत होते. हॉलंडमधील होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या संशोधकांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगले इंग्रजी जाणणाऱ्या डच विद्यार्थ्यांना त्यांनी अनोळखी स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन वळणाचे इंग्रजी ऐकवले. काहींना खाली इंग्रजी ओळी, काहींना डच ओळी, काहींना ओळीच नाहीत. इंग्रजी ओळी वाचणाऱ्यांचा कान त्या वळणाला सरावला, नवी वाक्येही त्यांना जास्त समजली. स्वभाषेतल्या ओळी वाचणाऱ्यांना नव्या वाक्यांच्या वेळी उलट तोटाच झाला. कारण उघड आहे: अर्थ आयता हाती आला की कान झोप काढतो.

पण हे विद्यार्थी इंग्रजी जाणणारे होते, हे विसरू नका. अगदी नवख्याला पहिल्या दिवसापासून परक्या ओळी दिल्या तर तो बिचारा तासाभरात उठून जाईल. म्हणून माझे म्हणणे असे: गोष्ट कळेपर्यंत मराठी किंवा हिंदी ओळी. मग त्यातलाच दोन-तीन मिनिटांचा तुकडा बोलणाऱ्याच्या भाषेतील ओळींसह. मग पडद्याच्या खालच्या भागावर वर्तमानपत्राची पट्टी चिकटवायची आणि नुसते ऐकायचे. शेवटी पात्राबरोबर मोठ्याने बोलायचे, लाज सोडून. अख्खा चित्रपट दहा वेळा पाहण्यापेक्षा एक तुकडा दहा वेळा पाहणे बरे. तुकडा घरातल्या बोलण्याचा निवडावा, जेवणाचा, भांडणाचा, बाजाराचा. मारामारीच्या चित्रपटात शिकायला शब्द थोडे आणि धडाडधूम फार. आणि भाषांतराच्या ओळींना शब्दकोश समजू नये; दोन ओळींच्या जागेत, काही क्षणांच्या वेळात बसावे म्हणून लिहिणाऱ्याला वाक्य छाटावे लागते. दुसऱ्याचा आवाज चढवलेली आवृत्ती मात्र या कामाला उपयोगी नाही. तिथे मूळ भाषाच नाहीशी झालेली असते.

याच युक्तीची एक पाती आपल्या देशात निराळ्या शेतात उगवली. ब्रिज कोठारी हे गृहस्थ अमेरिकेत शिकत असताना स्पॅनिश शिकण्यासाठी स्पॅनिश चित्रपट पाहत. ओळी इंग्रजीत होत्या. त्यांच्या मनात आले, या ओळी स्पॅनिशमध्येच असत्या तर! आणि त्यापाठोपाठ दुसरा विचार आला, हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी टाकल्या तर? 1996 पासून त्यांनी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून हे काम सुरू केले. 1999 मध्ये गुजरातीत दूरदर्शनवर, मग 'चित्रहार'सारख्या देशभर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात गाण्याचे शब्द खाली उमटू लागले. जो शब्द गायला जातो त्याचा रंग त्याच क्षणी बदलतो.

येथे परकी भाषा नाही, परकी आहेत अक्षरे. 2022 च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या दर 100 मुलांपैकी सुमारे 43 मुलेच दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकली. 2024 मध्ये ती सुमारे 49 झाली. उरलेल्या मुलांना गाणी मात्र पाठ आहेत! पुढचा शब्द कोणता हे त्यांना आधीच ठाऊक असते, म्हणून डोळा अक्षराला भीत नाही. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांत असे दिसले की, भाषा समजत असली तरी बघणाऱ्याची नजर खालच्या ओळींकडे जातेच जाते. गाण्यातला शब्द चौथीतल्या मुलाने असाच दहा वेळा पाहिला, तर अकराव्या वेळी तो फळ्यावर लिहून पाहा. मुलगा तो वाचतो की नुसताच गातो, हे ओळखायची युक्ती सोपी आहे: ओळ उलट क्रमाने लिहा, शेवटचा शब्द आधी. गाणारा अडखळेल. वाचणारा हसेल आणि वाचून दाखवील. आणि अडखळणाऱ्यासाठी तेच गाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावे.